नाशिकची थिएटरं आणि बायका: खेळाची वेळ, इंटरव्हल, घरी परतायची वाट

गोदाकाठ

सिनेमा चांगला असला की बायका येतात, असं थिएटरवाले कायम म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. सिनेमा कितीही चांगला असो, खेळ रात्री साडेबाराला सुटणार असेल, स्वच्छतागृहाची कडी लागत नसेल आणि बाहेर रिक्षा मिळणार नसेल, तर घरातल्या पुरुषाशिवाय कुणी बाई जात नाही. आणि पुरुषासोबत जायचं म्हटलं की वेळही त्याची आणि सिनेमाही त्याच्या पसंतीचा.

नाशिकमध्ये हे फार स्पष्ट दिसतं, कारण आपल्याकडे दोन्ही प्रकारची थिएटरं वापरून झालेली माणसं एकाच घरात सापडतात. आजीच्या पिढीला सर्कल, विकास, हेमलता, मधुकर, विजयानंद, चित्रमंदिर, दामोदर ही नावं पाठ. नातीला फक्त मॉलमधला स्क्रीन नंबर माहीत असतो. पण पत्ता सांगायची वेळ आली की अजूनही दिंडोरी रोडला महालक्ष्मी टॉकीज, नाशिकरोडला अनुराधा, सिडकोत दिव्या, असंच सांगितलं जातं. थिएटर ही शहरातली खूण होती. ती खूण बायकांना कशी वापरता आली आणि कुठे अडली, यावर जाणकारांनी नेमकं लिहावं म्हणून हा धागा काढलाय. ‘जमाना बदलला’ इतकंच लिहिण्यापेक्षा खिडकी, जिना, खुर्ची, वेळ, भाडं असं लिहा.

सुरुवात मी करते. जुन्या टॉकीजमध्ये तिकिटाच्या खिडकीकडे जायला लोखंडी पाइपांचा बोळ असायचा. रुंदी एका माणसाची, दोन्ही बाजूंना कमरेच्या वर पाइप, शेवटी हात जेमतेम आत जाईल एवढं भोक. गर्दीच्या दिवशी मागून रेटा आला की त्या बोळातून बाजूला निघताच येत नसे. बायकांना रांगेत उभं राहणं नको वाटायचं ते या बोळामुळे. म्हणून ‘लेडीज’ची वेगळी खिडकी आली. ती खिडकी म्हणजे सवलत नव्हती. बोळ चुकीचा बांधलाय, याचीच ती कबुली होती.

रीळपेटी

ताई, बोळाचं अगदी बरोबर. वेगळ्या खिडकीचा एक परिणाम मात्र लिहायला हवा. तिथे रांग छोटी, म्हणून हाऊसफुल्लच्या दिवशी पुरुष मंडळी बाहेर उभ्या असलेल्या बायकांना ‘आमची पण दोन काढा’ म्हणायची. ब्लॅकवाल्यांनी हेच पद्धतशीर केलं. मग एका बाईला चारच तिकिटं असा दंडक कित्येक ठिकाणी आला, आणि सहा जणींचा गट आला की दोघींना रांगेत उभं राहावं लागायचं.

आता आतली रचना. पडद्याजवळचा भाग सगळ्यात स्वस्त, त्यामागे स्टॉल, मग अप्पर स्टॉल, आणि वर बाल्कनी. बाल्कनी कुटुंबाची मानली गेली त्याला कारणं तीन. जिना वेगळा असायचा, त्यामुळे खालच्या गर्दीत मिसळावं लागत नसे. तिकीट महाग, त्यामुळे शिट्ट्या-नाण्यांचा कल्लोळ खाली राहायचा. आणि मशीनची, म्हणजे प्रोजेक्टरची, खोली बाल्कनीच्या मागे, म्हणजे ऑपरेटर आणि डोअरकीपर दोघांची ये-जा तिकडेच. काही वेडंवाकडं झालं तर माणूस दहा पावलांवर. खालच्या भागात एकच डोअरकीपर बॅटरी घेऊन शंभर-दीडशे खुर्च्या सांभाळायचा.

वेळांचंही गणित समजून घ्या. १२, ३, ६, ९ हे चार खेळ. अडीच तासांचा सिनेमा म्हणजे १५० मिनिटं, पंधरा मिनिटं इंटरव्हल, दहा-बारा मिनिटं जाहिराती आणि न्यूजरील, उरलेल्या वेळात हॉल झाडून पुढचं पब्लिक आत. तीन तासांत हे जेमतेम बसतं. ३५ मिलिमीटरची फिल्म सेकंदाला २४ फ्रेम पळते, म्हणजे मिनिटाला ९० फूट. दोन हजार फुटांचं एक रीळ साधारण २२ मिनिटं चालतं, अडीच तासांच्या सिनेमाला सात रिळं लागतात. गावात एकच प्रिंट आणि दोन टॉकीज असतील, तर अर्ध्या तासाच्या फरकाने खेळ सुरू करून रिळं सायकलवरून इकडून तिकडे न्यायची. पावसात सायकलवाला अडकला की इंटरव्हल पंधराची तीस मिनिटं. पुरुष बाहेर जाऊन चहा-विडी करून यायचे. बायका मात्र जागेवरच बसून राहायच्या, कारण खुर्ची सोडली तर ती जायची भीती आणि आवारात उभं राहायला जागा नाही. शिवाय सहाचा खेळ नऊऐवजी सव्वानऊला सुटायचा, तेव्हा नऊच्या खेळाची गर्दी फाटकाशी तुंबलेली असायची. तिच्यातून वाट काढून बाहेर पडणं हा बायकांसाठी सगळ्यात वाईट भाग. कुठल्याही जुन्या टॉकीजला यायचं आणि जायचं दार एकाच अंगणात उघडत असेल तर हे अटळ होतं.

मोजपट्टी

बांधकामाच्या बाजूने लिहितो. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सगळ्यात कमी बोलली जाते, ती म्हणजे स्वच्छतागृह.

राष्ट्रीय बांधकाम संहितेत चित्रपटगृहांसाठी तक्ता आहे. पुरुषांना ४०० पर्यंत दर शंभरी एक शौचकूप, शिवाय दर २५ जणांमागे एक मुतारी. बायकांना २०० पर्यंत दर शंभरी तीन शौचकूप, त्यापुढे दर शंभरी दोन. आकडे वाचताना वाटतं की बायकांना जास्त दिलंय. पण तक्त्याखाली टीप आहे: प्रेक्षकांत दोन तृतीयांश पुरुष आणि एक तृतीयांश स्त्रिया धराव्यात. म्हणजे नकाशा कागदावर उतरायच्या आधीच बाई अल्पसंख्य ठरते.

तीनशे खुर्च्यांचा हॉल घ्या. टिपेप्रमाणे २०० पुरुष, १०० बायका. पुरुषांना २ शौचकूप आणि ८ मुताऱ्या, एकूण दहा जागा. बायकांना ३. मुतारीला पाऊण मिनिट धरलं तर पंधरा मिनिटांत एका जागी वीस जण होतात, नुसत्या मुताऱ्यांवर १६० पुरुष मोकळे. बायकांना दीड मिनिट धरलं, आणि साडी किंवा सोबत लहान मूल असेल तर ते कमीच आहे, तर एका जागी दहा, तिन्ही मिळून तीस. शंभरातल्या तीस! उरलेल्या सत्तर जणी एक तर सिनेमाचा तुकडा चुकवणार, नाही तर तीन तास पाणी पिणार नाहीत. बहुतेक दुसरंच करतात.

आता सकाळचा खेळ एखाद्या महिला मंडळाने पूर्ण भरला असं समजा. तीनशे बायका. त्याच तक्त्याने पहिल्या दोनशेंना ६ आणि पुढच्या शंभरांना २, अशा ८ जागा लागतात. बांधलेल्या ३. ३० जून २०२३ ला ‘बाईपण भारी देवा’ लागला तेव्हा राज्यभर बायकांचे गट साड्या नेसून, गॉगल लावून थिएटरात आले, हे सगळ्यांनी पाहिलं. तो प्रेक्षक कुठल्याच नकाशात धरलेला नव्हता.

भिंत न फोडता करता येण्यासारखं बरंच आहे. अशा खेळाला इंटरव्हल पंचवीस मिनिटांचा ठेवावा. पुरुषांचं एक स्वच्छतागृह तेवढ्यापुरतं बायकांना द्यावं, बाहेर मोठी पाटी आणि एक बाई कर्मचारी उभी करून. मल्टिप्लेक्समध्ये चार-पाच पडद्यांना स्वच्छतागृह सामायिक असतं, म्हणून दोन पडद्यांचे इंटरव्हल निदान वीस मिनिटांच्या अंतराने यावेत असे खेळ लावावेत. वेळापत्रक करणारे हे बघतच नाहीत, ते फक्त पडदा रिकामा राहू नये एवढं बघतात.

पेठरोड

+१. आमच्या भागातल्या बायका थिएटरला निघायच्या दोन तास आधीपासून पाणी बंद करतात. मोजपट्टी, हे आकडे छापून व्यवस्थापकांच्या टेबलावर ठेवायला हवेत.

त्र्यंबकवाट

मूळ आणखी मागे आहे. मुंबईत ७ जुलै १८९६ ला वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चित्रफिती दाखवल्या गेल्या आणि त्याच महिन्यात नॉव्हेल्टी थिएटरातल्या खेळांना पडदानशीन स्त्रियांसाठी राखीव बॉक्स ठेवल्याची जाहिरात झाली. म्हणजे आपल्याकडे सिनेमाची जागा पहिल्या महिन्यापासूनच स्त्री-पुरुष अशी वाटून दिलेली होती.

पडद्यावर जे झालं तेही या जागेशी जोडलेलं आहे. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे, जन्म ३० एप्रिल १८७०. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ ला मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात लागला तेव्हा तारामतीचं काम अण्णा साळुंके यांनी केलं, कारण बाई मिळेना. पुढे फाळके नाशिकला आले आणि इथे काढलेल्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई उभ्या राहिल्या. ‘कालिया मर्दन’मध्ये, १९१९ साली, कृष्ण झाली ती फाळक्यांची लेक मंदाकिनी. आणि सरस्वतीबाई फाळके फिल्मच्या कडेला भोकं पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामं करत, वर सगळ्या कंपनीचा स्वयंपाक. बाईचं काम सिनेमात पहिल्यापासून होतं. तिला प्रेक्षक म्हणून बसायला नीट जागा मात्र फार उशिरा मिळाली.

जिल्ह्यातल्या जत्रांमधला तंबूही विसरू नका. टुरिंग टॉकीजच्या तंबूत मधोमध दोरी किंवा कनात, एका बाजूला बाया-पोरं, दुसऱ्या बाजूला पुरुष, खाली बसायला सतरंजी किंवा नुसती जमीन. तरीही बायका तिथे भरभरून यायच्या. जत्रेला जायला घरातून परवानगी आधीच मिळालेली असते, सोबत गावातल्या चार जणी असतात, आणि तंबू बैलगाडीपासून हाकेच्या अंतरावर. टॉकीज पक्कं झालं, खुर्च्या आल्या, पण ही सोबत आणि हे अंतर कुणी मोजलं नाही.

मालेगावचं उदाहरण उलट्या टोकाचं. यंत्रमागाची सुट्टी शुक्रवारी, नवा सिनेमाही शुक्रवारी. त्यामुळे त्या दिवशी टॉकीज म्हणजे कामगार पुरुषांची हक्काची जागा होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथल्या एका खेळात हॉलमध्ये फटाके फुटल्याची चित्रं देशभर दिसली. अशा गर्दीत बाई येणार कशी, हा प्रश्न धर्माचा किंवा रीतीचा करण्याआधी सुट्टीचा वार आणि खुर्च्यांची रचना बघावी.

रीळपेटी

त्र्यंबकवाट, वाराचा मुद्दा पटला. त्यात सकाळच्या खेळाची भर घालतो. ऐंशीच्या दशकात व्हिडिओ आला, कुटुंबं घरी बसली, आणि टॉकीजवाल्यांनी सकाळचा खेळ ‘तसल्या’ सिनेमांना दिला. त्याचा फटका हॉलपुरता राहिला नाही. पोस्टर रस्त्याकडे तोंड करून लागायचं, आणि शाळेला जाणाऱ्या मुली पलीकडच्या फुटपाथवरून जायला लागल्या. दुपारचा खेळ कौटुंबिक असला तरी त्या इमारतीचं नाव एकदा गेलं की बायका परत आल्या नाहीत. एकपडदा थिएटरं का पडली याची कारणं सांगताना लोक केबल, मॉल, कर सांगतात. माझ्या मते सकाळच्या त्या खेळाने बायका तोडल्या, आणि बायका गेल्या की पोरं आणि आजी-आजोबाही गेले. एका तिकिटामागे चार तिकिटं गेली.

शालिमार_स्टॉप

येण्या-जाण्याचं मी लिहितो. जुनी बहुतेक टॉकीज मेनरोड, रविवार कारंजा, अशोकस्तंभ, शालिमार या पट्ट्यात, सीबीएसपासून (मध्यवर्ती बसस्थानकापासून) चालत. बाजार, देऊळ, सिनेमा एकाच फेरीत उरकायचं. मल्टिप्लेक्स आली ती उंटवाडी, कॉलेज रोड, पुणे रोडकडे, म्हणजे गाडी असणाऱ्यांच्या वाटेवर. पंचवटीतून निमाणी बसस्थानकावरून निघालेल्या बाईला आता दोन वाहनं बदलावी लागतात.

सिटीलिंकची शहर बस ८ जुलै २०२१ पासून आहे, तिचा उपयोग दुपारच्या खेळाला उत्तम. रात्री मात्र हिशेब उलटा करावा. आधी शेवटच्या बसची वेळ बघा, तिच्यातून पाऊण तास वजा करा, त्या वेळेला सुटणारा खेळ निवडा. पाऊण तास कशाला? जाहिराती धरून खेळ छापलेल्या वेळेपेक्षा दहा-पंधरा मिनिटं लांबतो, हॉलमधून आणि मॉलमधून खाली यायला दहा, थांब्यापर्यंत दहा, बाकी हाताशी. सिनेमाची लांबी तिकिटाच्या पानावर दिलेली असते, तिच्यात इंटरव्हल आणि जाहिराती धरलेल्या नसतात. इथेच सगळ्यांचा घोळ होतो.

सिन्नर, निफाड, दिंडोरीकडून येणाऱ्यांसाठी: १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. त्यामुळे तालुक्यातून सीबीएसला उतरून बाराचा खेळ बघणारे गट वाढलेत, हे दुपारच्या थांब्यांवर दिसतं. शहर बसला ही सवलत लागू नाही, सीबीएसपुढचं भाडं वेगळं धरा. परतीची एसटी स्टँडवर उतरल्या उतरल्या विचारून ठेवा.

शेअर रिक्षा रात्री नऊनंतर भरेपर्यंत थांबते, आणि भरते ती पुरुष प्रवाशांनी. चौघी असाल तर अख्खी रिक्षा ठरवून घ्या, दर चौघींत वाटला की फार पडत नाही. खेळ सुटल्यावर ठरवायला जाऊ नका, त्या वेळी सगळे एकदम बाहेर येतात. इंटरव्हलमध्ये खाली जाऊन ठरवून ठेवणं सगळ्यात बरं.

गोदाकाठ

ही उलट्या हिशेबाची रीत फार कामाची आहे. दुचाकीवाल्यांसाठी एवढंच: स्कूटी तळघरात खोल लावू नका, रॅम्पच्या तोंडाशी लावा. जिथे दहा पावलांवरून गाडीचा नंबर वाचता येतो तेवढा उजेड पुरेसा समजा. त्यापेक्षा कमी असेल तर पार्किंगवाल्याला सांगून वरच्या मजल्यावर जागा मागा. बहुतेक देतात.

हिशेबवही

भिशी किंवा बचत गटाने खेळ ठरवायचा तर असं करा.

आधी माणसं मोजा, मग पैसे घ्या, मग तिकिटं काढा. हा क्रम उलटला की एक जण तोट्यात जाते. चाळीस नावं आली तर पस्तीस धरून चाला, घरात पाहुणे येतात, मुलाला ताप येतो. तिकीट रद्द करण्याचे नियम आधी वाचा, सुविधा शुल्क सहसा परत मिळत नाही. तीस-चाळीसच्या वर गट असेल तर ॲपवर न जाता थेट थिएटरच्या व्यवस्थापकाशी बोला. एक तर सुविधा शुल्क वाचतं, दुसरं म्हणजे सलग ओळी मिळतात, आणि इंटरव्हल पाच-दहा मिनिटं वाढवून मागता येतो. मोजपट्टींनी लिहिलेलं स्वच्छतागृहाचं गणित त्याच वेळी समोर ठेवा.

वेळ बाराचीच घ्या. दुपारच्या शाळेची मुलं बारा ते पाच बाहेर असतात, डबे गेलेले असतात, आणि साडेतीनला सुटून चार-सव्वाचारला घरी पोचता येतं. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पहिल्या पाळीत काम करणाऱ्या बायकांना मात्र बारा चालत नाही, त्यांना सुट्टीच्या दिवशी सकाळी नऊचा. एकाच गटात दोन्ही प्रकारच्या असतील तर सरळ दोन खेळ करा, ओढाताण करू नका.

तिकिटाचा भाव ठरवताना जीएसटी लक्षात घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटाला ५ टक्के, त्याहून महाग तिकिटाला १८ टक्के. म्हणजे १०० चं तिकीट १०५ ला पडतं आणि १५० चं १७७ ला. सकाळच्या खेळाला शंभरच्या आत दर मागायला हे चांगलं कारण आहे. व्यवस्थापकालाही ते पटतं, कारण त्याच्या खुर्च्या नाही तरी त्या वेळी रिकाम्याच असतात.

खुर्च्या निवडताना नकाशात पडदा कुठे दाखवलाय ते आधी बघा. काही ठिकाणी ए ओळ पडद्याजवळ असते, काही ठिकाणी शेवटी. ओळीच्या टोकापासून आत भरत जा. मध्ये किंवा टोकाला एकच खुर्ची मोकळी सोडलीत तर तिथे एकटा अनोळखी माणूस येऊन बसणार, हे ठरलेलं. गुडघेदुखी असणाऱ्यांना टोकाच्या खुर्च्या आणि कमी पायऱ्यांच्या ओळी द्या. आत शिरायचं दार बहुतेक ठिकाणी खालच्या ओळींजवळ असतं, म्हणजे वरची ओळ घेतली की दहा-बारा पायऱ्या अंधारात चढणं आलं.

एकटीने जाणारीने वाटेच्या कडेची खुर्ची घ्यावी, आणि शेजारी जोडी किंवा कुटुंब आधीच बुक झालेलं असेल अशी. ॲपवर शेजारच्या खुर्च्या भरलेल्या दिसतात, कोण आहे ते दिसत नाही. म्हणून सलग तीन-चार भरलेल्या खुर्च्यांच्या बाजूची जागा घेतली की ते कुटुंब असण्याची शक्यता जास्त. आत गेल्यावर अडचण वाटली तर डोअरकीपरला सांगून जागा बदलता येते, त्यात संकोच नको.

सिडको_सहावी_स्कीम

हिशेबवही, एक राहिलं. ॲप ज्याच्या फोनमध्ये आणि खातं ज्याच्या नावावर, सिनेमा तोच ठरवतो. खूप घरांत अजून तो पुरुषच आहे. खिडकीवर रोख पैसे देऊन तिकीट काढायची सोय टिकली पाहिजे, आणि खिडकीवर ‘ऑनलाइनच काढा’ म्हणून कुणाला परत पाठवू नये. घरखर्चातून बाजूला टाकलेल्या दोनशे रुपयांवर सिनेमा बघता येणं याला मी मोठी गोष्ट मानते.

कलम_नियम

कायद्याचं थोडक्यात. तान्हं मूल असणाऱ्या आयांना दारात अडवलं जातं, म्हणून पहिलं तेच. बाहेरचं खाणं आणू न देण्याचा हक्क थिएटरला आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने ३ जानेवारी २०२३ ला सांगितलं. पण त्याच वेळी दोन गोष्टी नोंदवल्या गेल्या: पिण्याचं स्वच्छ पाणी फुकट मिळालं पाहिजे, आणि तान्ह्या बाळाचं वाजवी खाणं आई-वडिलांना नेता येतं. तेव्हा दुधाची बाटली, पेजेचा डबा काढायला लावला तर शांतपणे व्यवस्थापकाला बोलवा, दारावरच्या माणसाशी वाद घालू नका, त्याच्या हातात काही नसतं.

दुसरं, थिएटरात काम करणाऱ्या बायका. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात बाई कामगाराची वेळ सकाळी ७ ते रात्री ९.३०. त्यानंतर काम द्यायचं तर तिची संमती हवी आणि सुरक्षेची, घरी पोचवण्याची व्यवस्था मालकाने करायला हवी. बरेच मालक हा खर्च टाळतात आणि साडेनऊला बायकांची पाळी संपवतात. परिणाम काय? रात्रीच्या खेळाला झडती घ्यायला, स्वच्छतागृहाबाहेर, हॉलमध्ये एकही बाई कर्मचारी नसते, आणि नेमक्या त्याच खेळाला प्रेक्षक बाईला तिची गरज असते. रात्रीच्या खेळाला बाई कर्मचारी आहे का, हे तिकीट काढताना विचारायची सवय लावू या. विचारणारे वाढले की गाडीची सोय होते.

हॉलमध्ये कुणी त्रास दिला तर आधी जागा सोडा, मग डोअरकीपर, मग ११२. खुर्ची नंबर आणि वेळ लक्षात ठेवा. ऑनलाइन बुकिंगमुळे त्या खुर्चीचं तिकीट कुणी काढलं हे पोलिसांना शोधता येतं, रोखीच्या तिकिटाला ते अवघड. तिथे हॉलमधल्या कॅमेऱ्याचं चित्रण मागावं लागतं, आणि ते काही दिवसांनी पुसलं जातं, म्हणून तक्रार त्याच दिवशी लेखी द्या आणि पोच घ्या.

कोपऱ्यातली_सीट

सुरक्षेचं सगळं पटतं, पण एक बाजू सुटतेय. थिएटर ही शहरातली अशी जागा आहे जिथे मुलगा-मुलगी तीन तास शेजारी बसू शकतात. सोमेश्वर, पांडवलेणी, गंगापूर धरण इथे गेलं की कुणी तरी हटकतं. हॉलमध्ये तिकीट घेतलंय, त्यामुळे बसण्याचा हक्क असतो. कॉलेजमधल्या मुलींच्या दृष्टीने अंधार हा धोकाच असतो असं नाही, तो आडोसाही असतो. म्हणून ‘कोपऱ्यातल्या सीट बंद करा’, ‘जोडप्यांना शेवटची ओळ देऊ नका’ अशा मागण्या सुरक्षेच्या नावाने पुढे आल्या की मला त्या नको वाटतात. हव्या असतात त्या चालू स्थितीतल्या पायरीपट्ट्यांचे दिवे आणि फेरी मारणारा माणूस. अंधारातही चित्रण करणारे कॅमेरे हॉलमध्ये असतात, पण तशी पाटी दारावर लावलेली हवी. बघणाऱ्याला आपण बघितले जातोय हे माहीत असायला पाहिजे, आणि ते चित्रण कोण बघतं हेही.

मोजपट्टी

कोपऱ्यातली सीट, तुमचं म्हणणं मला पटलं. पायरीचे दिवे हा नियमातलाच भाग आहे, पण एलईडी पट्टी गेली की महिनोनमहिने बदलत नाहीत.

बाहेर पडायच्या वाटांचंही सांगतो. १३ जून १९९७ ला दिल्लीच्या उपहार टॉकीजमध्ये ५९ माणसं गेली. आग खालच्या ट्रान्सफॉर्मरला लागली, पण जीव गेले ते बाल्कनीत, धुराने. जास्तीच्या खुर्च्या टाकून उजवीकडची वाट बंद केली होती आणि एक दार खासगी बॉक्समुळे अडलं होतं. कुटुंबं बाल्कनीत, म्हणजे बायका-मुलं बाल्कनीत, हे रीळपेटींनी वर लिहिलंय, त्याच्याशी हे जोडून वाचा. सुरक्षित म्हणून दिलेली जागा आगीत सगळ्यात धोक्याची ठरते. खुर्चीवर बसल्यावर आपल्यापासून जवळचं दार कुठलं आणि त्याला कुलूप तर नाही ना, एवढं बघून घ्या. कुलूप दिसलं तर खेळ सुरू व्हायच्या आधी काढायला लावा.

मॉलमधल्या सरकत्या जिन्याबद्दल: साडीचा काठ पायरी आणि बाजूच्या पत्र्याच्या फटीत अडकतो. मध्ये उभं राहा, निऱ्या हाताने वर धरा, उतरताना पायरी सपाट झाली की ती आत शिरायच्या आधी पाऊल उचला. जिना थांबवायचं लाल बटण वर आणि खाली दोन्हीकडे असतं, अडकल्यावर ओढाताण न करता आधी ते दाबायला ओरडून सांगा. ज्येष्ठ बायकांना लिफ्ट किंवा साधा जिना मागायचा हक्क आहे, आणि तो कुठे आहे याची पाटी प्रवेशाशीच हवी. पुष्कळ ठिकाणी साधा जिना दुकानांच्या मागे लपलेला असतो. सिनेमाला येणाऱ्या साठीच्या बायका मॉलला बिचकतात त्यात या जिन्याचा वाटा मोठा आहे.

गोदाकाठ

मोजपट्टी, कडीचं एवढं सांगा. जवळजवळ प्रत्येक ठिकाणी कडी लागत नाही, हे का होतं? देखभालीच्या माणसाला नेमकं काय सांगायचं?

मोजपट्टी

पाण्याने दार फुगतं आणि स्वतःच्या वजनाने खालच्या बाजूला झुकतं, म्हणून कडीचा दांडा चौकटीतल्या भोकाच्या खाली येतो. लोक दांडा जोरात दाबतात, तो वाकतो, मग कायमचाच बिघडतो. नवी कडी बसवून उपयोग नाही, महिन्याभरात तेच होतं. वरच्या बिजागरीचे स्क्रू काढून एक नंबर लांब स्क्रू घट्ट बसवायचे, दार उचललं जातं. तरी दोन-तीन मिलिमीटर फरक उरला तर चौकटीतलं भोक कानशीने खालच्या दिशेला लांबट करायचं. एका दाराला वीस मिनिटं. त्याच वेळी दाराच्या आत दीड मीटर उंचीवर पर्स टांगायला हूक मारून घ्यायचा, आणि झाकणाची कचरापेटी आत ठेवायची, बाहेर बेसिनपाशी नाही. दिवा हालचालीवर लागणारा असेल तर त्याची वेळ पाच मिनिटांच्या खाली ठेवू नका, बाई आत असतानाच अंधार होतो.